लाँग्ज पीक, अबुधाबी

अबुधाबी शहर संपून वाळू सुरू होते तिथं, म्हणजे जिथं चढ नावाची गोष्ट माणसाला फक्त स्पीडब्रेकरच्या रूपानं भेटते तिथं, एका बिल्डरनं कोलोरॅडो बांधायला काढलं होतं. अमेरिकेतलं ते डोंगराळ राज्य. तिथल्या गावांची नावं इथल्या गल्ल्यांना द्यायची, शिखरांची नावं चौकांना, आणि मधोमध एक अगदी खरं दिसणारं खोटं शिखर उभं करायचं, असा बेत होता. अ‍ॅस्पेन गल्ली, दुरँगो गल्ली, सिल्व्हर्टन गल्ली. लेडव्हिल हे गाव म्हणे तिकडं दहा हजार फुटांवर आहे, ढगांच्या शेजारी. इथल्या लेडव्हिल गल्लीत हातभर खणलं की खारं पाणी लागायचं.

कोलोरॅडोत वाळूच्या टेकड्यांचंही एक मोठं राष्ट्रीय उद्यान आहे, हे कुणीतरी शोधून काढलं. तेव्हा जागेवर मूळची जी वाळूची टेकडी होती ती आधी सपाट करण्यात आली. ट्रकांची रांग लागली, वाळू बाहेर गेली. मग ठरलेल्या रंगाची, धुतलेली, चाळलेली वाळू विकत आणून त्याच जागी कोलोरॅडोची टेकडी रचण्यात आली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. दोन्ही कामांची टेंडरं वेगळी होती.

नावं ठेवण्याचा अधिकार जगात दोघांनाच असतो: बिल्डरला आणि नातेवाइकांना. या हकिगतीत दोघंही आहेत.

सुदेश कारंडे हा शिखर उभं करणाऱ्यांच्या बाजूचा. त्याची कंपनी मुसफ्फ्याच्या औद्योगिक वस्तीत नकली खडक बनवायची. हॉटेलातला धबधबा, प्राणिसंग्रहालयातली सिंहाची गुहा, कुणा श्रीमंताच्या पोहण्याच्या तलावाकाठचा कडा, जे म्हणाल ते. सळयांचा सांगाडा बांधायचा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंटचा फवारा, आणि सिमेंट ओलं आहे तोवर करणीनं, ब्रशनं, चुरगळलेल्या फॉइलनं त्याला दगडाची कातडी चढवायची. सुदेश तिथं प्रोजेक्ट मॅनेजर होता. वय बावन्न. या वयात आखातातल्या माणसाला बीपी असतं, पोट असतं आणि मालकानं चहाला बोलावलं तर छातीत धस्स होतं.

कारण त्या वर्षी कंपनीत चहाची साथ आली होती. एचआरवाले पन्नाशीच्या पुढच्या एकेकाला 'जरा चहाला या' म्हणून बोलवायचे. जाणारा माणूस शर्ट नीट खोचून जायचा आणि परत येताना टेबलावरचा फॅमिली फोटो काढून पिशवीत टाकायचा. नोकरी गेली की व्हिसा गेला. व्हिसा गेला की अल रीम आयलंडवरचा समुद्र दिसणारा फ्लॅट गेला, गाडी गेली, आणि मुख्य म्हणजे बारावीतली मुलगी समिधा ऐन परीक्षेच्या वर्षी कऱ्हाडच्या कुठल्यातरी कॉलेजच्या दारात उभी. सुदेशला रात्रंदिवस एकच धास्ती होती. लाँग्ज पीक, म्हणजे ते मधलं खोटं शिखर, नीट उभं राहिलं तर आपण राहिलो.

ते उभं करायला त्यानं आणला होता दौलतला. दौलत म्हणजे त्याची बायको गिरिजा हिचा धाकटा भाऊ. पाटण तालुक्यातल्या खडकवण्याचा. गवंडीकामात हात असा, की देवळाच्या कळसावर सिमेंटचा मोर बसवला तर पोरं त्याला दाणे टाकायची. सुदेशनंच त्याला कंपनीचा व्हिसा मिळवून दिला, मुसफ्फ्याच्या कामगार कॅम्पात खाट मिळवून दिली आणि पहिल्याच दिवशी बजावलं,

"साइटवर मला दाजी म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"सर म्हण. साहेब म्हण. इथं नातं कळलं की लोक बोलतात, मॅनेजरनं मेहुणा घुसवला."

"आन् न्हाई का घुसवला?" दौलत निरागसपणे म्हणाला.

रविवारी मात्र तो दाजींकडं जेवायला यायचा. टॉवरच्या खाली सिक्युरिटीवाला त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघायचा आणि सामानाच्या लिफ्टकडं बोट दाखवायचा. एकदा गिरिजा खाली जाऊन भांडली. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, मुझे लगा एसीवाला है." तेव्हापासून दौलतच आपणहून सामानाच्या लिफ्टनं यायचा. "मोठी असती, आक्का. आरसा नसतो त्यात, ते एक बरं," म्हणायचा. जेवून झालं की सत्ताविसाव्या मजल्यावरच्या काचेला नाक लावून समुद्र बघत बसायचा.

"काय बघतोस रे एवढं?" गिरिजा विचारायची.

"कुठं टेकडं दिसतंय का बगतुय. माणसाची नजर कुटं तरी अडली पायजे का न्हाई? हितं सरळ जाती ती इराणलाच."

समिधा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणायची, "मामा, दॅट्स कॉल्ड द होरायझन."

"आसंल. पण वर चढता येतंय का त्येच्यावर?"

शिखराचं काम सुरू झालं. कोलोरॅडोतलं खरं लाँग्ज पीक चौदा हजार फुटांचं आहे. हे चौदा मीटरचं. ज्या मेजर लाँगचं नाव त्याला दिलंय त्यानं ते दुरून पाहिलं, चढला कधी नाही. आधी तिथं राहणारे अरापाहो लोक ते आणि त्याच्या शेजारचं शिखर या जोडीला 'दोन वाटाडे' म्हणत. मग त्यांनाच कुणी वाट दाखवली नि तिथून घालवून दिलं. ही सगळी माहिती बिल्डरच्या चकचकीत माहितीपत्रकात होती, शेवटचं वाक्य सोडून. ते सुदेशनं गूगलवर वाचलं आणि चहाच्या वेळी दौलतला सांगितलं.

"म्हंजे माणसं हाकलली आन् त्येंची नावं ठिवली?"

"काही ठेवली, काही बदलली."

"दिलदार लोक हायती," दौलत म्हणाला आणि करणी धुवायला गेला.

ड्रॉइंगबरोबर फोटो आले होते ते पुढच्या बाजूचे. सरळसोट कडा, उभ्या भेगा, वर बर्फाची रेघ. मागच्या बाजूचा फोटो नव्हता. ड्रॉइंगमध्ये तिथं नुसतं 'मॅच करा' असं लिहिलेलं होतं. कशाशी, ते लिहायचं राहिलं होतं. दौलतच्या हाताखालची माणसं बिहार-बंगालच्या सपाटीवरची. त्यांनी डोंगर पाहिला होता तो सिनेमात, नाचणाऱ्या हिरॉइनच्या मागं. ती माणसं म्हणाली, "उस्ताद, तुम बोलो कैसा बनाना है."

उस्तादानं बोलायला नको होतं. पण पुढची बाजू फोटोबरहुकूम झाल्यावर मागच्या बाजूला तो करणी घेऊन उभा राहिला आणि हाताला जे येत होतं ते हातानं केलं.

दोन आठवडे सुदेश बिल्डरच्या मीटिंगांत अडकला होता. तो आला, शिखराला वळसा घालून मागं गेला आणि जागच्या जागी थांबला.

समोर ढगोबा होता.

खडकवण्याच्या डोक्यावरचा डोंगर. खाली रुंद बैठक, तिच्यावर काळा कडा, कड्यावर गवताचा टप्पा, टप्प्यावर पुन्हा कडा. थरावर थर, लग्नातल्या उतरंडीसारखे. डाव्या अंगाला आरपार नेढं, ज्यातून वारा शीळ घालतो. कातळात खोदलेल्या पायऱ्या, पायऱ्यांच्या शेवटी पाण्याचं टाकं. आणि टाक्याच्या काठाशी कोनाड्यात एक ओबडधोबड गोटा, त्याला खडक रंगवून उरलेला तांबडा-नारिंगी रंग लावलेला.

लग्नानंतर पाचव्या दिवशी सुदेशला या डोंगरावर नेलं होतं. खडकवण्याच्या जावयानं ढगोबा चढून टाक्यातलं पाणी प्यायल्याशिवाय सोयरीक पक्की धरत नाहीत. अर्ध्या वाटेत तो धापा टाकत बसला होता आणि चौथीतल्या दौलतनं त्याला मनगटाला धरून वर ओढलं होतं. सगळं गाव खालून बघत होतं. वर पोचल्यावर गिरिजा त्याच्याकडं बघून पहिल्यांदा मनापासून हसली होती.

"हे काय केलंस दौलत?" सुदेश म्हणाला. रागानं म्हणायचं होतं, पण तोवर त्याचा हात कड्यावर टेकला होता.

दौलत खजील होऊन उभा. "मागं काय कराचं कळंना. आन् डोंगर म्हटला की वाट पायजे, पाणी पायजे, देव पायजे. नुसता कडा म्हंजे भित झाली की वो. पाडू का?"

सुदेश खालच्या पायरीवर बसला. दौलतनं थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला. समोर क्रेनी, पलीकडं सपाट वाळू, आणि त्याच्या पाठीला ढगोबा. कैक वर्षांत तो असा कशाला पाठ टेकून बसला नव्हता. मग तो म्हणाला,

"असंच ठेव. मागनं कोण बघतंय. एसीच्या चिलर प्लँटकडं तोंड आहे या बाजूचं."

"नक्की, दाजी?"

"असंच ठेव म्हटलं ना."

'दाजी' म्हटल्याबद्दल तो त्या दिवशी रागावला नाही.

महिन्याभरानं कोलोरॅडोहून एक बाई आल्या. खडकाच्या जाणकार, उन्हानं रापलेल्या, पायात डोंगर चढायचे बूट. बिल्डरनं त्यांना खास शिखर तपासायला बोलावलं होतं. बरोबर सुदेशचे साहेब जेरार्ड होते. जेरार्ड वसईचे, कंपनीतले दोन नंबरचे, मनानं वाईट नाहीत, पण बिल्डर शिंकला की रुमाल यांच्या खिशातून निघायचा. पुढची बाजू बघून बाई खूश झाल्या. उभ्या भेगांवरून त्यांनी हात फिरवला, दोनदा 'ब्यूटिफुल' म्हणाल्या. जेरार्डनी सुदेशच्या पाठीवर थाप मारली.

मग बाई शिखराच्या मागच्या बाजूला वळल्या.

बाई बराच वेळ वर बघत राहिल्या. पायऱ्या चढल्या, टाक्यात डोकावल्या, कोनाड्यापाशी वाकल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"लायकेन!" त्या म्हणाल्या. कोलोरॅडोच्या दगडांवर असंच नारिंगी शेवाळ धरतं म्हणे. इतकं हुबेहूब शेवाळ त्यांनी नकली खडकावर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ढगोबाचे चार फोटो काढले, एक स्वतःसकट.

लांब उभ्या असलेल्या दौलतनं हात जोडले. बाईंना वाटलं त्यांनाच नमस्कार केला. त्यांनीही केला.

पण खाली उतरल्यावर त्या गंभीर झाल्या. "हा डोंगर सुंदर आहे," त्या जेरार्डना इंग्रजीत म्हणाल्या, "पण आमचा नाही. आमचा दगड उभा फाटतो. हा आडवा बसलाय, लाव्ह्याच्या थरांसारखा. हा डोंगर जगात कुठंतरी आहे. कुठला आहे?"

सुदेशला माहीत होतं. दौलतला माहीत होतं. बाईंनी रिपोर्टात सगळं लिहिलं, चांगलं आणि वाईट, आणि विमानात बसल्या.

बिल्डरचा फोन आला. चूक कुणाची, ते नाव कळवा. जेरार्डनी एसी केबिनमध्ये दोघांना बोलावलं. सुदेशला बसायला सांगितलं, दौलत उभा.

"हे बघ सुदेश, तोडफोड करायला टाइम नाही. हँडओव्हर जवळ आलाय. बिल्डरला फक्त दाखवायचंय की अ‍ॅक्शन घेतली. एक नाव पाहिजे. तू अप्रूव्ह केलं होतंस का मागचं?"

खिडकीबाहेर कंपनीची बस माणसं भरून घेत होती. सुदेशला समिधाचं वेळापत्रक दिसलं, फ्रिजवर चुंबकानं लावलेलं. एचआरवाल्यांचा चहा दिसला. तो म्हणाला,

"मी ड्रॉइंगप्रमाणं करायला सांगितलं होतं, सर. त्यानं स्वतःच्या मनानं केलं."

जेरार्ड दौलतकडं वळले. "सच है क्या? साहबने बोला था?"

दौलतनं सुदेशकडं बघितलं. रागानं नाही. रस्त्यात ओळखीचा चेहरा दिसावा आणि जवळ गेल्यावर दुसराच कुणी निघावा, तसं बघितलं.

"हां जी," तो जेरार्डना म्हणाला. "साहबने ड्रॉइंग के माफिकच बोला था. मैंने नहीं सुना."

इतके महिने शिकवून जे जमलं नव्हतं ते त्याला एका मिनिटात जमलं. साहेब म्हणायला तो अखेर शिकला.

"खलास," जेरार्ड म्हणाले आणि सुटल्यासारखं हुश्श केलं. "मुलगा चांगला आहे रे. पण काय करणार?"

बाहेर आल्यावर सुदेश दौलतच्या मागं दोन पावलं गेला. "हे बघ, थोडं शांत झालं की मी परत आणतो तुला. दुसऱ्या कंपनीत बघतो. इन्शाल्ला..."

"आक्काला काय सांगू?" दौलतनं विचारलं.

सुदेशनं गळ्यातलं कंपनीचं कार्ड सरळ केलं.

"काम संपलं म्हनून सांगतो," दौलतच म्हणाला. "संपलंच की तसं."

आणि त्यानं तेच सांगितलं. शेवटच्या रविवारी जेवायला आला, सामानाच्या लिफ्टनंच. गिरिजानं लाडू करून दिले, समिधानं आपला जुना फोन दिला. सुदेश साइटवर होता. साइटवर त्या दिवशी काही काम नव्हतं.

शिखराचं काय झालं? काही नाही. मागच्या बाजूला बोगनवेलीच्या चार कुंड्या ठेवल्या आणि खालच्या पायरीपाशी दोरी बांधून 'चढू नये' अशी पाटी लावली. पुढच्या बाजूला पितळेची दुसरी पाटी लागली, लाँग्ज पीक. बिल्डरला अ‍ॅक्शन पोचली होती. सुदेशला चहाला कुणी बोलावलं नाही. उलट पगारवाढीचं पत्र आलं. रकमेपेक्षा त्यातला 'कडक देखरेख' हा शब्दप्रयोग त्याला जास्त टोचला, पण पत्र त्यानं जपून ठेवलं.

गिरिजा अधूनमधून माहेरची बातमी सांगायची. "दौलतला काम लागलं. गावातच. खडी क्रशरवर."

"बरं झालं की."

"बरं कसलं? घाटरस्त्याला खडी लागतेय म्हणून ढगोबाच फोडायला घेतलाय. पोरगा रडत होता फोनवर. अहो, तुम्ही सांगितलं होतं ना दुसऱ्या कंपनीत बघतो म्हणून?"

"बघतोय ना. मार्केट डाउन आहे."

हँडओव्हरच्या आदल्या शनिवारी कंपनीनं स्टाफच्या कुटुंबांना शिखर बघायला बोलावलं. संध्याकाळ, खजुराचे डबे, कागदी कपात कॉफी, मुलांना फुगे. समिधा म्हणाली, "बाबा, व्हॉट डझ अ व्हिला कॉस्ट हिअर?"

"साडेपाच मिलियन दिरहम," सुदेश म्हणाला.

"म्हणजे बारा कोटी!" गिरिजानं तोंडावर हात ठेवला. "बारा कोटीत अख्खं खडकवणे येईल. वर ढगोबा फुकट."

तेवढ्यात जेरार्ड आले, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात खजूर. "वहिनी, कसं वाटलं आमचं कोलोरॅडो? सगळं क्रेडिट तुमच्या मिस्टरांचं. मध्ये मोठा लोचा झाला होता. एका फोरमननं मागची बाजू भलतीच करून ठेवली. नाव काय त्याचं... हां, दौलत. पण सुदेशनं बरोबर स्टँड घेतला. सरळ सांगितलं, याची चूक आहे. त्याला आम्ही घरी पाठवला. नाहीतर आज सुदेश इथं नसता!"

सुदेश कॉफीच्या कपात बघत राहिला. जेरार्डना कुणीतरी हाक मारली, ते "यल्ला, चला, एन्जॉय" म्हणत निघून गेले. आपण काय केलं हे त्यांना आजही माहीत नाही.

गिरिजानं कप खाली ठेवला आणि शिखराला वळसा घालून मागं चालायला लागली. सुदेश मागं, त्याच्या मागं समिधा.

बोगनवेलीच्या पलीकडं आल्यावर समिधाच आधी थांबली. "ममा! ओ माय गॉड. धिस इज मामाज हिल."

गिरिजा वर बघत होती. पहिला कडा, टप्पा, दुसरा कडा, नेढं. मावळतीचा उजेड नेढ्यातून येऊन तिच्या खांद्यावर पडला होता. मग तिनं विचारलं,

"यात चुकलंय काय?"

"दगड," सुदेश म्हणाला. "दगड आडवा आहे. तिकडचा उभा असतो."

"तुम्ही आधी बघितलं नव्हतं?"

"बघितलं होतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं त्याला?"

इथं सुदेश खोटं बोलू शकला असता. त्याला सरावही झाला होता. पण हा डोंगर तिच्या माहेरचा होता आणि तिथं त्याचा दम पहिल्यापासूनच पुरत नसे.

"मीच म्हटलं होतं, असंच ठेव."

गिरिजानं मान हलवली. शाळेतल्या बाई चुकलेलं गणित बघून हलवतात तशी. रडली नाही, ओरडली नाही. पर्समधून फोन काढला आणि व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर दौलत आला. केसांवर, भुवयांवर पांढरी धूळ, मागं क्रशरची घरघर. "आक्का? बोल की. जरा मोठ्यानं बोल."

"काही बोलायचं नाही. बघ." तिनं फोन डोंगराकडं फिरवला.



"ठिवला व्हय अजून?" दौलतचा आवाज आला. "मला वाटलं पाडला. कोण हाय बरोबर? दाजी हायत का?"

"आहेत."

"दाजी, डावीकडं वर भेग पडलीया बगा, नेढ्याच्या अंगाला. सळई गंजंल. बुजवून घ्या."

"हो," सुदेश म्हणाला. "घेतो."

"आन् आक्का, नेढ्याची बाजू दाव ना नीट. हितली परवा सुरुंगात गेली. टाक्याकडनं चांगली दिसती. वर चढून दाव की."

गिरिजानं सुदेशकडं बघितलं. फोन पुढं केला. "जा. दाखवा त्याला."

पाच-सहा पायऱ्या, एक वळण, पुन्हा काही पायऱ्या. सुदेशनं दोरीकडं बघितलं, पाटीकडं बघितलं, पलीकडं फुग्यांच्या गर्दीत जेरार्डच्या इस्त्रीच्या शर्टाकडं बघितलं.

"वर अलाउड नाही गं," तो हळू म्हणाला. "सोमवारी हँडओव्हर आहे. उगाच कुणी बघितलं तर..."

गिरिजानं चपला काढल्या. साडीचा पदर खोचला, दोरी उचलली आणि खालून गेली. फोन छातीशी धरून ती पायऱ्या चढायला लागली, एकेक पायरी, घाई न करता. पहिला टप्पा ओलांडून ती कोनाड्यापाशी आली, वाकली, गोट्याला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि टाक्याच्या काठावर उभी राहिली. "दिसतंय का रे?" तिचा आवाज वरून आला. "हां, हां, दिसतंय," धुळीनं भरलेला आवाज म्हणाला.

शिट्टी वाजली. सिक्युरिटीवाला धावत आला. पोरगेला, घाबरलेला, त्याचीही नोकरी नवीन असावी. "सर! ऊपर जाना मना है! कौन है ये? आपके साथ हैं मॅडम?"

शिट्टीच्या आवाजानं कुंड्यांपलीकडचे लोक वळून बघायला लागले होते. जेरार्डनीही मान वर केली होती. समिधा बापाच्या तोंडाकडं बघत होती.

"एक मिनट," सुदेश सिक्युरिटीवाल्याला म्हणाला. "मैं बुलाता हूँ."

त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले. घरात वापरायचा आवाज बाजूला ठेवला आणि साइटवरचा काढला, स्वच्छ, इंग्रजी, कुणाशीही नातं नसलेला.

"मॅडम! प्लीज कम डाउन!"

गिरिजा वळली नाही. ती मॅडम आपणच आहोत, असं तिला वाटायचं काही कारणही नव्हतं.